आत पाठवलेला माणूस

बाळारामकाका, कंपनीनं तुमच्याबद्दल एका पानाचा कागद तयार केलाय. त्यात तुमचं नाव तीनदा आलंय आणि तिन्ही वेळा चुकलंय. बाळारामच्या जागी 'बलराम'. शेवटची ओळ अशी: 'सदर कामगाराने चाचणी सुरू असताना प्रतिबंधित कक्षात परवानगीशिवाय प्रवेश केला.' त्याखाली सह्यांसाठी तीन जागा. दोन भरलेल्या होत्या. तिसरी माझ्यासाठी ठेवली होती.

मी सही केली नाही. हे सांगून तुमच्याकडून शाबासकी घ्यायची नाही मला. तुम्हाला जाऊन दोन आठवडे झाले आणि या दोन आठवड्यांत धड असं मी एवढंच केलं. जे बिघडवायचं ते मी आधीच बिघडवून बसले होते.

तो कागद लिहिणाऱ्यानं तुम्हाला कधी जवळून पाहिलं नसणार. पाहिलं असतं तर 'परवानगीशिवाय' हा शब्द त्याच्या हातून उतरला नसता. तुम्ही कंट्रोल रूममध्ये येतानासुद्धा दारावर टकटक करायचात. दार उघडं असलं तरी.

भिवंडीजवळच्या राहनाळच्या गोदामांच्या रांगेत आमचं गोदाम होतं. एका बाजूला टाइल्स, दुसऱ्या बाजूला कुरिअरचे खोके, मध्ये आम्ही. बाहेर पाटी नाही. आत लहान विमानांच्या इंजिनासाठी नव्या तऱ्हेचा कंबस्टर बनवायचं काम चाललेलं. कंबस्टर म्हणजे इंजिनाच्या पोटातली ती जागा, जिथं इंधन जळतं. मी भिवंडीतलीच, लूमच्या खडखडाटात अभ्यास केलेली. पदवी घेऊन परत आपल्याच गावाच्या कडेला विमानाच्या आगीवर काम करायला मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तुम्ही आलात ते हवेचे कॉम्प्रेसर सांभाळायला. त्याआधी बावीस वर्षं शेलारजवळच्या एका सायझिंगमध्ये, सुताला खळ लावतात त्या कारखान्यात, बॉयलर तुमच्या हाताखाली होता. अंबाडीच्या आतल्या गावाहून रोज मोटरसायकलवर यायचात, डब्यात तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी घेऊन.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीची गोष्ट. रिग, म्हणजे कंबस्टर पेटवून तपासायची मांडणी, चालू होती, मी स्क्रीनवरचे आकडे बघत होते, आणि तुम्ही मागून म्हणालात, "मॅडम, डाव्या अंगाला तिला कमी पडतंय." मी विचारलं, कुणाला. तुम्ही काचेपलीकडच्या कंबस्टरकडे बोट केलंत. मला राग आला. माझे सगळे सेन्सर ठीक दाखवत होते आणि कॉम्प्रेसरवाला मला ज्योतीबद्दल सांगत होता. चार तासांनी उघडून पाहिलं तर इंधन फवारणाऱ्या डावीकडच्या एका नोझलच्या छिद्रात लोखंडाचा कीस अडकला होता. तुम्ही कुणालाच काही बोलला नाहीत. मीच दुसऱ्या दिवशी तुमच्याशेजारी डबा घेऊन बसले आणि विचारलं, कळलं कसं. म्हणालात, आवाजावरून. बॉयलरमध्ये चिंध्या आणि प्लास्टिक टाकायला लावायचे मालक. कुठल्या क्षणी आग गुदमरणार आणि कुठल्या क्षणी तोंडावर येणार हे काच काळी झाल्यावर कानानंच ओळखावं लागायचं.

त्या दिवसापासून तुम्ही मला मॅडम म्हणायचं सोडलंत. 'बाय' म्हणायला लागलात. मला ते आवडलं होतं. हेही कधी सांगितलं नाही.

आपलं भांडण पहिल्या महिन्यापासूनचं. मी तुम्हाला कागदावर काढून दाखवलं होतं: इंधन कमी, हवा भरपूर. ज्योत थंड राहते, म्हणून नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. विमानतळाच्या आजूबाजूला राहणाऱ्यांच्या छातीत जे जातं, ते यातलंच. तुम्ही तो कागद बराच वेळ पाहिलात आणि म्हणालात, "उपाशी मानसावर भरवसा ठेव, बाय. उपाशी आगीवर नको."

तुमचं चूक नव्हतं. कमी इंधनावरची ज्योत डळमळते. आधी गुरगुरते, मग थरथरते, मग क्षणात विझते. म्हणून तर मध्यभागी एक छोटी, नीट पोसलेली ज्योत ठेवतात. आम्ही तिला पायलट म्हणायचो, तुम्ही निखारा म्हणायचात. बाहेरच्या उपाशी ज्योतीला तो निखारा धरून ठेवतो. मी म्हणायचे, हवा आणि इंधन अजून चांगलं मिसळलं तर निखारा लहान करता येईल. तुम्ही म्हणायचात, कर, पण तिला विचारून कर. कधी मी चिडायचे, कधी तुम्ही डबा बंद करून उठायचात. एकदा तर मी बोलून गेले की बावीस वर्षं चिंध्या जाळून भिवंडीवर धूर सोडणाऱ्यानं मला प्रदूषण शिकवू नये. तुम्ही दोन दिवस माझ्याशेजारी बसला नाहीत. तिसऱ्या दिवशी बसलात आणि सांगितलंत की त्या बॉयलरवरचा तुमचा जोडीदार पन्नाशीच्या आत खोकून खोकून गेला. म्हणालात, "धूर कमी झाला पायजे, ते मला तुझ्याहून जास्त वाटतंय. पन खरा कमी झाला पायजे."

मी माफी मागितली नाही. विषय बदलला. मिक्सिंगचं काहीतरी बोलत राहिले.

आता साहेबांबद्दल. त्यांचं नाव इथं लिहिणार नाही, जिथं लिहायचं तिथं लिहून आले आहे. पैसा लावणारे पाहुणे येणार होते आणि त्यांना दाखवायला नायट्रोजन ऑक्साइडचा एक आकडा हवा होता. आपला आकडा त्याच्या वर होता. साहेब म्हणाले, निखारा कमी करा. केला. आकडा उतरला, पण ज्योत गुरगुरायला लागली. अजून कमी करा. मग ज्योत लपलप करायला लागली आणि ज्योतीवर नजर ठेवणारा सेन्सर ती विझली असं समजून सारखा इंधन तोडायला लागला. दर वेळी सगळं थांबायचं, उरलेलं इंधन बाहेर जाईपर्यंत हवा सोडायची, पुन्हा पेटवायचं. दिवसाला जेमतेम दोन चाचण्या व्हायच्या.

साहेबांनी मला बोलावून सांगितलं की सेन्सर फार घाई करतोय, त्याला जरा थांबायला शिकवा.

मी शिकवलं, काका. माझ्या खुर्चीवर बसून, माझ्या पासवर्डनं. ज्योत दिसेनाशी झाली की एका सेकंदात इंधन तुटायचं, त्या एकाचे मी चार केले. चार सेकंद म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. विझलेल्या, तापलेल्या भांड्यात चार सेकंद इंधनाची फवारणी. तरी केले. मनाशी म्हटलं, पाहुणे गेले की परत एक करीन.

त्या आठवड्यात तुम्ही बाहेरच्या धुराड्याखाली उभे राहिलात आणि डोळे पुसत आत आलात. म्हणालात, बाहेर कच्च्या रॉकेलचा वास येतोय, डोळे चुरचुरतायत. तुम्ही मला विचारलंत, तुझी ती दुसरी मशीन काय सांगते. दुसरी मशीन कार्बन मोनॉक्साइड मोजायची. ती जे सांगत होती ते भयंकर होतं. ज्योत इतकी उपाशी होती की इंधन धड जळतच नव्हतं. एक विष कमी केल्याचं आम्ही दाखवत होतो आणि दुसरं भरभरून बाहेर सोडत होतो. साहेबांनी त्या रकान्यात काही लिहू नका म्हणून सांगितलं होतं. शेऱ्यात मशीन दुरुस्तीला आहे असं लिहायचं.

रोजच्या चाचणीच्या वहीवर ऑपरेटरची सही लागते. तोवर रिग तुम्हीच चालवत होतात, तुमच्याइतकी कुणाला जमतच नव्हती. तुम्ही वही उघडलीत, कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलंत आणि पेन खाली ठेवलंत. साहेब समोर होते. मी होते. इरफान होता. इरफान आधी लूमचा मेकॅनिक, तुमच्या हाताखाली रिग शिकत होता.

साहेब म्हणाले, सही करा, उशीर होतोय.

तुम्ही म्हणालात, "मशीन चालू हाय साहेब. मी आत्ताच बघून आलो. हे मी न्हाय लिहिनार."

ते माझ्याकडे वळले. मॅडम इंजिनियर आहेत, त्यांना विचारा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणाले की त्या मशीनच्या रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही, तपासावं लागेल. किती सरळ आवाजात म्हणाले. माझं मलाच आश्चर्य वाटतं अजून.

तुम्ही वही मिटून बाजूला ठेवलीत. तिथं तुम्ही मला खोटं ठरवायला हवं होतं. चारचौघांत, मोठ्यानं. त्याचा राग मला अजून येतो. एवढा कान होता तुम्हाला, माझ्या आवाजातली थरथर ऐकू आली नाही? आली असणार. माझी लाज राखलीत. कुणी सांगितलं होतं राखायला?

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही गेटवर. निळा शर्ट काढून वॉचमनचा खाकी शर्ट दिला तुम्हाला. त्या दिवशीच मोटरसायकल वळवून घरी जायला हवं होतं तुम्ही. राहनाळला कामाची कमी आहे का? शंभर गोदामं आहेत, कुणीही ठेवून घेतलं असतं. मी रोज गेटमधून आत जाताना तुम्ही हात वर करायचात आणि मी मोबाइलमध्ये बघायचे. सव्वा महिना. एकदा माझी गाडी आत येत असताना तुम्ही जवळ येऊन म्हणालात की इरफानचा हात अजून बसलेला नाही, त्याला एकट्याला सोडू नका. मी विचारलं, तुम्ही काम सोडून का जात नाही. तर म्हणालात, "जाईन ना. त्याला एकदा नीट यू दे." त्या उत्तरावर मी आतल्या आत इतकी चिडले होते की गाडी लावताना खांबाला घासली. तुमच्या चांगुलपणामुळे माझा भित्रेपणा मला रोज सकाळी गेटवरच दिसायचा. म्हणून तुम्ही जावं असं मला वाटत होतं. तुमच्या भल्यासाठी नाही.

मग पाहुणे आले. चौघे होते. कंट्रोल रूममध्ये काचेसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. इरफाननं ज्योत पेटवली, निखारा कमी करत आणला आणि गुरगुर सुरू झाली. टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात वर्तुळं उठायला लागली. एकदा ज्योत विझली, चार सेकंदांनी इंधन तुटलं, काही झालं नाही. हवा सोडून पुन्हा पेटवली. पुन्हा तेच. हवा सोडायचा वेळही साहेबांनी खुणेनं कमी करायला लावला. इरफानच्या कपाळावर घाम होता. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, चाचा को बुला लो. मेरे से नहीं संभल रही."

साहेबांनी ते ऐकलं. बोलवा म्हणाले. तुम्ही खाकी शर्टातच आलात, दारावर टकटक करून. साहेबांनी सांगितलं, इथून नीट ऐकू येत नाही, तुम्ही रिगच्या खोलीत आत उभे राहा आणि काचेतून इरफानला खुणा करा.

चाचणी चालू असताना आत कुणीही जायचं नाही, हा नियम मी स्वतः लिहून दारावर चिकटवला होता. त्या कागदाशेजारून तुम्ही आत गेलात. मी हात मांडीखाली दाबून बसले होते. तुम्ही जाताना माझ्याकडे बघितलंत की इरफानकडे, मला आठवत नाही. मी किती वेळा आठवून पाहिलंय.

ज्योत धरली तुम्ही. हे मान्य करायला हवं. तुमचा हात काचेमागे वर-खाली होत होता, इरफान त्याप्रमाणे निखारा वाढवत-कमी करत होता आणि गुरगुर खरोखर बसली. पाहुणे पुढे वाकून आकडा बघायला लागले. साहेब हसले. मग त्यांनी इरफानच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, अजून थोडा कमी कर. तुम्ही आतून मान हलवून नाही म्हणत होतात. दोन्ही हातांनी नाही म्हणत होतात. इरफाननं साहेबांचं ऐकलं.

स्क्रीनवर ज्योत विझल्याची खूण यायच्या आधीच तुम्ही धावला होतात. दाराकडे नाही. दार तुमच्यापासून तीन पावलांवर होतं. तुम्ही पलीकडच्या भिंतीवरच्या इंधनाच्या हातवॉल्व्हकडे गेलात आणि तो फिरवायला लागलात. माझे चार सेकंद चालू होते. तुमचा वॉल्व्ह पूर्ण बंद झाला आणि त्याच वेळी मागच्या, धुराड्याकडे जाणाऱ्या तापलेल्या नळीत साचलेलं इंधन पेटलं. नळीची शिवण तुमच्या बाजूनं फाटली.

वॉल्व्ह बंद होता म्हणून आग तिथंच मेली. भिंतीमागची इंधनाची टाकी वाचली. कुरिअरच्या गोदामात त्या वेळी माल उतरवणाऱ्या बायका होत्या, त्यांना फक्त आवाज ऐकू आला. चौघे पाहुणे आपल्या गाडीतून गेले. मी वाचले. माझ्या कानात दोन दिवस घंटा वाजत होती, बस.

दवाखान्यात पहिल्या संध्याकाळी तुम्ही शुद्धीवर होतात. काकू बाहेर बाकावर, मी आत. तुम्ही विचारलंत, इरफान ठीक हाय का. मी हो म्हणाले. मग तुम्ही म्हणालात, "यंत्रानं येळ लावला गं यवढा. बघ त्याला काय झालंय." मला वाटलं, आत्ता सांगावं. यंत्राला काही झालं नव्हतं काका, मला झालं होतं. माझ्या तोंडाशी आलं आणि नर्सनं आत येऊन मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले. खरं सांगू, सुटल्यासारखी गेले. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी गेलात.

मला वाटतं तुम्हाला माहीत होतं. ज्यानं नोझलमधला कीस कानानं ओळखला, त्याला एक आणि चार सेकंदांतला फरक कळला नसेल? पण माहीत असून तुम्ही तसं बोलला असाल, तर तेही पुन्हा मला वाचवणंच झालं आणि ते मला नको आहे. आणि माहीत नसेल तर तुम्ही एका निर्दोष यंत्राला दोष देत गेलात. दोन्हीतलं काय खरं ते मला आता कधीच कळणार नाही. तुमच्यावर चिडायला मला हे एक कायमचं कारण मिळालंय.

कागद आला तो तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी. पहिली सही साहेबांची, दुसरी इरफानची. इरफानवर मला ओरडता आलं नाही. तो खाली बघत एवढंच म्हणाला की त्याला सांगितलं होतं, सही नाही तर केस त्याच्यावर. मी माझं म्हणणं वेगळ्या कागदांवर लिहिलं. कोणी तुम्हाला आत पाठवलं, कोणता रकाना कोरा ठेवला, कार्बन मोनॉक्साइडचं खरं रीडिंग काय होतं, आणि चार सेकंद कुणी केले. कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात जाऊन दिलं आणि पोच घेतली. तिथल्या बाईंनी वाचून विचारलं, यात तुम्ही स्वतःचंही नाव घातलंय, माहीत आहे ना. मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर नवा वॉचमन होता, त्यानं मला आत सोडलं नाही. त्याला तसं सांगितलं होतं.

पुढं काय होईल ते ठाऊक नाही. कदाचित काही होणार नाही. तुमच्या मरणाचा एक जाड गठ्ठा होईल आणि कपाटात जाईल. तसं झालं तर मी दर महिन्याला तिथं जाऊन बसणार आहे. मला दुसरं काम नाही आता.

बाराव्याला मी तुमच्या गावी आले. मांडवात माणसं दाटीनं बसली होती. मागं, खांबाशी, इरफानही होता. जेवणं व्हायची होती. काकू बायकांमधून उठून माझ्यापाशी आल्या आणि उभ्या-उभ्याच म्हणाल्या की कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला, हे सोताहून आत गेले, कुनी पाठवलं न्हाय. "तू तिथं होतीस. खरं हाय का?"

मी म्हणाले, "नाही काकू. त्यांना बोलावून आत पाठवलं. मी बघत होते, मी अडवलं नाही. आणि इंधन तुटायला जो वेळ लागला, तो मी वाढवून ठेवला होता. मी, माझ्या हातानं."

मला वाटलं, काकू हात उचलतील. उचलावा असंही वाटलं. तुमच्या थोरल्या भावानं मान खाली घातली. कुणीतरी पोराला गप्प केलं.

मग काकूंनी पदर खोचला आणि बाजूला सरकल्या, म्हणजे मांडवातल्या सगळ्यांना मी दिसेन.

"मोठ्यानं सांग," त्या म्हणाल्या. "मागच्यांना ऐकू गेलं न्हाय."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.